दाजींनी वाकळ मागावी म्हणून

आमच्या दाजींना सासुरवाडीत काहीही मागता येत नाही. हा स्वभाव आहे की दुखणं, हे आमच्या घरात अजून ठरायचंय. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला आईकडून गडबडीत आमटीत मीठ घालायचं राहून गेलं, तर ह्या माणसानं ती आमटी दोनदा वाढून घेतली आणि वर "झकास झालीया" म्हणाला. मागाहून बाबा पानावर बसले, पहिला भुरका मारला आणि ओरडले, "यमुने, ही आमटी हाय का भांडी धुतलेलं पाणी?" तेव्हा आम्हाला कळलं. दाजी तिथंच सोप्यात बसून सुपारी कातरत होते. मान काही वर केली नाही.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, प्रियांकाअक्काचे, यजमान. राहायला धारवाडला. नाव महाबळेश्वर. नाव गार, पण माणूस घामट. गेल्या उन्हाळ्यात ते आमच्याकडे दोन दिवस राहिले आणि परत गेले ते पाठभर घामोळं घेऊन. इथं असताना एक शब्द बोलले नाहीत. धारवाडला गेल्यावर त्यांच्या आईनं पाठ बघितली आणि अक्काला विचारलं, "तुझ्या माहेरी माणसं उकडायला ठेवतात काय गं?"

अक्कानं हे आईला फोनवर सांगितलं. आता आमच्या वाडीत फोनला रेंज येते ती फक्त विहिरीच्या कट्ट्यावर, आणि आईला फोन कानाला लावून ऐकू येत नाही म्हणून ती स्पीकर चालू करते. त्यामुळे हे वाक्य आईच्या आधी पाणी भरायला आलेल्या सगळ्या बायकांनी ऐकलं, आणि संध्याकाळपर्यंत कुंभारवाडा गावाला जाणाऱ्या बसमध्ये बसलेल्या माणसांनीही ऐकलं असणार. बाबांनी त्या रात्री भाकरी अर्धीच खाल्ली.

बाहेरच्या लोकांना वाटतं, आमचा जोयडा तालुका म्हणजे जंगल आणि जंगल म्हणजे गारवा. त्यांनी मे महिन्यात आमच्याकडे येऊन दुपारची झोप घेऊन दाखवावी. आमची घरं बांधलीत ती पावसाला घाबरून. भिंती जाड, कौलं खाली ओढलेली, खिडक्या एवढ्याशा. पाऊस आत येऊ नये म्हणून एवढी तजवीज की वारासुद्धा "जाऊ दे, इथं आपलं काम नाही" म्हणून पुढं निघून जातो.

तर यंदा आला अधिक महिना. अधिक महिन्यात जावयाला बोलवायचं, पुरणाचे धोंडे करून घालायचे, अनारशांचं ताट दिव्यासकट द्यायचं, हा आमच्याकडचा मोठाच मान. धोंड्याला दाजी येणार आणि पुन्हा उकडणार, ह्या विचारानं बाबांना चैन पडेना. एक दिवस ते गणेशगुडीकडं गेले आणि येताना टेम्पोत भाताच्या पोत्यांमध्ये बसवून एक एसी घेऊन आले. तिकडच्या एका रिसॉर्टानं नवे बसवले आणि जुने काढून टाकले, त्यातला एक. शेजारचे लखूमामा बघायला आले, त्याला बोटानं टोकरून बाबांना म्हणाले, "येसाजी, ह्याला वैरण काय घालायची?"

एसी बसवायला रामनगरहून म्हादू मेस्त्री आले. त्यांना पाना, स्क्रू, टेप द्यायला मी उभी राहिले आणि तिथून पुढं घरात माझी बडबड सुरू झाली ती आजतागायत.

खरं तर ती आधीच सुरू झाली होती. आमच्या शाळेत गार पाण्याचं एक यंत्र आहे. दहावीच्या वर्षात त्यातून पाणी यायला लागलं कोमट, नंतर चक्क गरम. सगळे म्हणाले, बिघडलं. मी मागं जाऊन बघितलं तर मागच्या जाळीवर कोळिष्टकं, खडूची भुकटी, आणि कुणाची तरी हरवलेली प्रार्थनेची चिठ्ठी. ती जाळी मी जुन्या टूथब्रशनं घासली. दुसऱ्या दिवशी पाणी इतकं गार आलं की पहिल्या पोराचे दात ठणकले. तेव्हा मला एक गोष्ट कळली आणि ती मी भेटेल त्याला सांगत सुटले: गार करणारं यंत्र गारवा तयार करत नाही. ते आतली उष्णता उचलतं आणि बाहेर टाकतं. त्याला टाकायला जागा पाहिजे. केर काढायचा म्हटलं तर दार उघडं नको?

"मला हेच शिकायचंय," मी बाबांना सांगितलं. "बेळगावला एसी-फ्रीजच्या कोर्सला जाते. मामीकडं राहीन."

बाबा अंगणात बांबू तासत होते. "पोरीच्या जातीनं लोकांच्या भिंतीवर चढायचं व्हय?"

"आंब्यावर चढते तवा काय बोलत न्हाईसा."

"आंबं घरात येत्यात."

"पगारबी घरातच येईल की!"

आत चुलीपाशी आई फिसकन हसली. बाबांना कुणी हसलेलं चालत नाही, त्यात आई हसलेली तर नाहीच. त्यांनी कोयता खाली ठेवला. त्यांच्या मनात मला रामनगरला कॉलेजात घालायचं, मग अक्कासारखं बीएड, मग लग्न, असं सगळं रांगेनं लावून ठेवलेलं.

"बरं, ऐक. धोंड्याला पाव्हणं त्या एसीच्या खोलीत झोपणार. त्यांनी आपल्या तोंडानं जर म्हटलं, 'मामा, गारठा वाजालाय, वाकळ द्या,' तर मी स्वतः तुला बेळगावला नाव घालायला नेतो."

"नक्की?"

"उळवीच्या बसवण्णाची आण. पण त्यांनी मागायची. आपण न्हेऊन द्यायची न्हाई, आणि त्यांना ह्यातलं कायबी सांगायचं न्हाई."

मी टाळी दिली. नाचत नाचत विहिरीपर्यंत गेले. तिथं पोहोचल्यावर, कळशी पाण्यात बुडता बुडता, माझ्या डोक्यात उजेड पडला. मागायची कुणी? दाजींनी! ज्यांनी मीठ मागितलं नाही, ते जुन्या लुगड्यांची वाकळ मागणार? बाबा घरात बसून हसत असणार.

पण एकदा टाळी दिली की दिली. मी ठरवलं, खोली अशी गार करायची की दाजींच्या सभ्यपणालाच हुडहुडी भरली पाहिजे.

म्हादू मेस्त्री गॅस भरून गेले होते, बाकीचं माझ्याकडं. आतल्या डब्याची जाळी काढून धुतली. बाहेरच्या डब्याच्या मागं पत्र्याच्या बारीक पात्या असतात, त्या टेम्पोत पोत्यांना घासून वाकल्या होत्या. आईची जुनी फणी घेऊन मी त्या एकेक करून विंचरल्या. आई म्हणाली, "स्वतःच्या केसांना लाव कधीतरी ती."

मग खोली. कौलांच्या फटीतनं जिथून चांदणं आत येतं, तिथून गारवा बाहेर जाणार नाही तर काय! मी बाबांना म्हटलं, वर चटई घालून माळा करूया आणि त्यावर तुसाची पोती पसरूया. भाताचं तूस उष्णता अडवतं, आमच्या विज्ञानाच्या बाईंनी सांगितलं होतं. बाबा म्हणाले, "मी तुला मदत करणार न्हाई, पैज हाय." आणि असं म्हणत म्हणत वर चढून त्यांनी सगळ्या चटया स्वतःच बांधल्या, कारण मी मारलेली गाठ त्यांना बघवेना. दाराखालच्या फटीला गोणपाटाची गुंडाळी लावली. खिडकीच्या कडेनं सायकलची जुनी ट्यूब कापून ठोकली.

मग चाचणी घेतली. रात्रभर चालू ठेवला तर खोली अशी गार झाली की आईनं तिथं नजरचुकीनं ठेवलेलं आंबोळीचं पीठ दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत फुगलंच नाही. आई पिठावर चिडली, मी त्या पिठाला नमस्कार केला.

एवढं करून मी निर्धास्त रामनगरला गेले. दहावीचा दाखला आणायचा होता, मैत्रीण सुप्रियाकडं दोन दिवस राहिले, आणि अगदी धोंड्याच्या दिवशी सकाळच्या बसनं परत आले. अंगणात दाजींची गाडी उभी. आतून एसीची घरघर ऐकू येत होती. मी चपला उडवल्या आणि थेट खोलीत शिरले.

तोंडावर वाफ आली. आईनं मोदकपात्राचं झाकण उघडलं की येते तशी.

खोलीत खाटेवर दाजी बसलेले. शर्ट पाठीला चिकटलेला, हनुवटीवरून घामाचा थेंब सुटायच्या तयारीत. शेजारी खुर्चीवर लखूमामा, दारात बाबा, आणि जमिनीवर वाडीतली चार माणसं एसी बघायला आलेली.

"काय दाजी, कसं वाटतंय?" मी विचारलं.

"झकास," दाजी म्हणाले. "एकदम गार." थेंब सुटला.

लखूमामांनी टोपीनं वारा घेतला. "येसाजी, तुझा हा येसी फुकतोय जोरात. पण गरम फुकतोय. भात्यागत. हे कोळसं पेटवायचं तर यंत्र न्हवं?"

बाबांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. एक बाजू हसत होती कारण ते पैज जिंकत होते. दुसरी बाजू रडायला आली होती, कारण जावई पुन्हा उकडत होता. मला त्यांनी कोपऱ्यात ओढलं आणि दबक्या आवाजात म्हणाले, "अगं रक्षे, हे काय करून ठेवलीस? धारवाडला आता काय सांगतील? दोन वर्षं उकडलं म्हणून सांगतील!"

"मी गेले तेव्हा गार होतं!"

"आता न्हाई."

मी आधी सगळ्यांना बाहेर काढलं. माणूस म्हणजे काय, चालती चूल. एवढ्या चुली खोलीत पेटल्यावर एसी बिचारा काय करणार? लखूमामा जाता जाता म्हणाले, "मला चूल म्हणाली बघा." दार लावलं. आतली जाळी काढून बघितली, लख्ख. रिमोट बघितला, बरोबर. वीज होती, स्टॅबिलायझरचा हिरवा दिवा लागलेला. तरी आतला डबा नुसताच गरम हवा फिरवत होता. खाटेवरून दाजी म्हणाले, "रक्षा, राहू दे गं. बरं वाटालंय." त्यांच्या बोलण्याला पण घाम आला होता.

मी कान देऊन ऐकलं. आतला डबा घुमत होता. पण बाहेरचा आवाज कुठाय? बाहेरचा डबा एकदा खर्र करायचा, थोडा वेळ चालायचा आणि टक् करून बंद पडायचा. मग पुन्हा. मला शाळेतलं ते यंत्र आठवलं. खडूची भुकटी. केर आणि दार.

मी मागच्या अंगणात धावले आणि तिथं थांबले.

बाहेरचा डबा नव्हताच.

त्या जागी आमच्या घराची पश्चिमेची भिंत होती, दरवर्षी पावसाच्या आधी असते तशी. सुपारीच्या झावळ्यांच्या तट्ट्या उभ्या केलेल्या, बांबूच्या पट्ट्या आडव्या मारलेल्या, काथ्यानं घट्ट आवळलेल्या. आमच्याकडं पाऊस पश्चिमेकडून आडवा येतो आणि मातीच्या भिंतीला खातो, म्हणून सगळ्या घरांना पावसाआधी हा झगा चढतो. बाबांनी बांधलेली तट्टी म्हणजे वाडीत नमुना. लोक बघायला येतात. फक्त यंदा त्या तट्टीला मधोमध पोट सुटलं होतं. पोटात एसी.

"बाबा!"

बाबा आले. मागोमाग हात पुसत आई.

"ही तट्टी कधी बांधलीत?"

"तू गेलीस त्या दिवशी," बाबा म्हणाले. "ढग आलं होतं. आणि हे महागाचं यंत्र बाहेर उघड्यावर, भिजेल की गं! आधी प्लॅस्टिक गुंडाळलं. मग तट्टी. बघ, पाण्याचा एक थेंब जाईल तर नाव बदलीन."

"थेंब जाणार न्हाई बाबा, पण हवाबी जाणार न्हाई! दाजींच्या खोलीतली सगळी उष्णता हे इथं आणून टाकतंय, आणि तुम्ही ह्याला कांबळं पांघरून बसवलंय. तेच गरम परत ओढालंय, परत सोडालंय. शेवटी चक्कर येऊन पडतंय बिचारं!"

"पण ते बाहेर ठेवल्यावर पावसात…"

"ते पावसात भिजायलाच बाहेर ठेवलंय! रिसॉर्टात काय त्याला छत्री धरत होते?"

बाबांनी एका गाठीवरून बोट फिरवलं. मग तट्टीकडं बघत, जरा दुखावून म्हणाले, "आमाला काय म्हाईत? आमच्याकडं बाहेर काय ठेवलं की झाकायचं, एवढंच म्हाईत."

मला एकदम कसंतरी झालं. त्या गाठी बघितल्या तर एकेक अशी आवळलेली, जणू यंत्राला थंडी वाजेल म्हणून. पण आत दाजी शिजत होते. मी कोयता उचलला.

"थांब!" आई मधे आली. "हात लावायचा न्हाई. आत माझी कोंबडी हाय."

"काय?"

"अंड्यांवर बसवलीया. कोरडी जागा, उबदार, मांजर शिरत न्हाई. बसलेली कोंबडी हलवायची नसते, अंडी सोडते ती."

मी झावळी जराशी बाजूला केली. खरंच, डब्याच्या खाली टोपलीत आमची तांबडी कोंबडी बसलेली, चोच वासून धापा टाकत. अगदी दाजींसारखी. फक्त ती "झकास" म्हणत नव्हती.

मग मागच्या अंगणात आमचं तिघांचं भांडण झालं, पण सगळं कुजबुजत, कारण खिडकीच्या पलीकडं जावई.

"जावई मोठा का कोंबडी मोठी?" बाबा कुजबुजले.

"जावई उद्या जाणार. पिल्लं वर्षभर राहणार," आई कुजबुजली.

"आई, कोंबडीलापण उकडालंय, बघ तरी!"

"उबेला बसलीया ती."

"ऊब न्हवं, ही भट्टी हाय! अंडी उकडून निघतील, पिल्लं न्हवं!"

हे मात्र आईला पटलं. ती वाकली, कोंबडीचं तोंड बघितलं आणि लगेच बाबांवर उलटली. "अवो, सोडा की ते! काय बघत बसलाय? माझी कोंबडी मारता काय?"

मी म्हटलं, तट्टी पूर्ण काढायची नाही. प्लॅस्टिक काढायचं, पुढची आणि बाजूची झावळी कापायची, आणि तीच वर आडवी बांधायची, लांब पुढं आलेली, पडवीसारखी. पाऊस वरून अडेल, हवा चारी बाजूंनी खेळेल. कोंबडी आहे तिथंच खाली, गरम झोत तिच्या डोक्यावरून लांब जाईल. बाबांनी क्षणभर विचार केला आणि कोयता माझ्या हातातून काढून घेतला.

"सर बाजूला. तू बांधलीस तर पहिल्या वाऱ्यात उडंल."

काय पटकन बांधली त्यांनी ती पडवी! उतार काढला, कडेला पाणी पडायला झावळीचा देठ पन्हळीसारखा लावला. मी फक्त "जरा वर, बाबा, तिथं पात्या झाकतायत" एवढं म्हणत होते, आणि ते "कळतंय, कळतंय" म्हणत वर घेत होते. शेवटची गाठ बसली. मी आत जाऊन बटण दाबलं. बाहेर खर्र झालं. मी दहापर्यंत नाही, चांगला पाढा म्हणून होईपर्यंत श्वास रोखला. टक् झालं नाही. बाहेर येऊन डब्याच्या पंख्यासमोर हात धरला तर गरम झोत. दाजींची सगळी उष्णता, परसातल्या केळीच्या अंगावर चाललेली.

कोंबडीनं चोच मिटली.

दुपारी जेवणं झाली. धोंडे झाले, ओवाळणं झालं. अनारशांच्या ताटासोबत बाबांनी दाजींना टॉवेल-टोपीचा आहेर केला. दाजी "कशाला, कशाला" म्हणाले आणि मग हात धुऊन त्या खोलीत आडवे झाले. रिमोट माझ्याकडं. मी अठरावर ठेवला.

आता खरी पैज सुरू झाली.

थोड्या वेळानं मी दार किलकिलं केलं. दाजी पाय पोटाशी घेऊन पडलेले.

"दाजी, काय पाहिजे का?"

"न्हाई, कायच नको."

पुढच्या वेळी बघितलं तर त्यांनी आहेराचा टॉवेल खांद्यावर घेतला होता. त्याच्या पुढच्या वेळी आहेराची टोपी कानांपर्यंत ओढलेली, आणि उशी पोटाशी धरलेली, लहान मुलासारखी. मी आईची वाकळ खांद्यावर टाकली आणि दारावरून गेले. मग परत आले. मग परत गेले.

"कुठं निघालीस?" दाजींनी विचारलं. त्यांचे दात हलकेच वाजत होते.

"वाकळ उन्हात घालायला."

"घाल, घाल," दाजी म्हणाले. "ऊन चांगलं हाय." बाहेर आभाळ भरून आलं होतं.

स्वयंपाकघरात अक्का भांडी पुसत हसत होती. तिला बाबांनी गाडीतून उतरल्या उतरल्या दाजींना न सांगण्याची शपथ घातली होती. ती म्हणाली, "तू बर्फ पाडलास तरी मागणार न्हाईत ते. इथं यायला लागल्यापासनं बिनसाखरेचा चहा पितायत. पहिल्या भेटीत आईनं विचारलं, साखर चालते न्हवं? हे लाजून मान हलवले, ती आईला उलटी दिसली. घरी दोन चमचे घालून घेतात."

"दीड वर्ष?"

"तोंड वाकडं न करता."

मी उंबऱ्यावर बसले. खरं सांगू, तेव्हा मला रडू यायचं बाकी होतं. खोली गार. यंत्र उत्तम. सगळं मी केलं होतं, आणि मी हरणार होते ती एका माणसाच्या चांगल्या वळणामुळं. एकदा वाटलं, सरळ आत जावं आणि सांगावं, दाजी, माझं बेळगाव तुमच्या तोंडात अडकलंय, थुंका एकदाचं! उठलेसुद्धा. पण बसवण्णाची आण बाबांनी घेतली होती आणि टाळी मी दिली होती. परत बसले.

तेवढ्यात बाबा आले. लुंगी आणि बनियन, जेवून तृप्त, जिंकल्यासारखे. "पाव्हण्याला एकटं कसं सोडायचं? जरा बोलत बसतो," म्हणून खोलीत गेले. लखूमामाही मागोमाग घुसले. मी दार लावलं आणि दाराला कान.

आत सुप्याच्या धरणात किती पाणी उरलंय इथून बोलणं सुरू झालं. मग गव्यांनी कुणाचा ऊस खाल्ला. बाबांचा आवाज आधी मोठा होता, मग वाक्यं लहान झाली, मग वाक्यांच्या मधे "हुं… हुं…" यायला लागलं. लखूमामा म्हणाले, "येसाजी, मी जरा चुलीपाशी बसून येतो. मला चूल म्हणाली न्हवं का, आता चूल बघूनच येतो," आणि हात चोळत बाहेर आले. बाबांचं "जरा पाठ टेकतो" ऐकू आलं. चटई सरकल्याचा आवाज. मग काहीच नाही. मग घोरणं.

मी वाकळ मांडीवर घेऊन बसून राहिले.

घोरणं एकदम तुटलं. झोपेतल्या, घोगऱ्या, सगळ्या वाडीला ऐकू जाईल अशा आवाजात बाबा ओरडले, "यमुने! वाकळ आण गं! गारठलो!"

स्वयंपाकघरात भांडं पडलं. मी श्वास घेतला नाही.

मग खाटेवरून, अगदी बारीक, लाजलेला, कुडकुडणारा आवाज आला. "मामा… मागतायच, तर मलापण एक."

मी दार ढकललं ते भिंतीवर जाऊन आपटलं. बाबा चटईवर उठून बसले होते, पाय लुंगीत घेतलेले, डोळे अर्धे उघडे. दाजी टॉवेल-टोपीत, उशी मिठीत. मी वाकळ छातीशी धरून दोघांच्या मधे उभी राहिले.

"काय म्हणालात दाजी? मोठ्यानं म्हणा."

"वाकळ," दाजी म्हणाले, आणि घाबरून बाबांकडं बघितलं. "माझं काय चुकलं काय?"

बाबांनी माझ्याकडं बघितलं. मग वाकळेकडं. मग एसीकडं असं बघितलं की जणू त्यानंच चुगली केली.

"बाबा," मी म्हटलं, "बेळगावला कधी?"

"आधी दे ती इकडं."

"आधी कधी ते सांगा."

"सोमवारी! पहिल्या बसनं! बसवण्णाची आण घेतलीया, आता काय लिहून देऊ? दे, पोरी, हाडं वाजालीत!"

आईनं बाकीच्या वाकळा उन्हाळ्याच्या म्हणून ट्रंकेत घातल्या होत्या आणि ट्रंकेवर अनारशांचे डबे रचले होते, म्हणून त्या घडीला वाकळ एकच. ती मी दाजींच्या अंगावर घातली. दुसरं टोक बाबांनी खाटेवर चढून स्वतः ओढून घेतलं. सासरा-जावई एका वाकळेत. रिमोट माझ्या हातात होता. तो मी हळूच सव्वीसवर नेला. त्यांना सांगितलं नाही.

आई चहा घेऊन आली. तिनं दोघांना तसं बघितलं आणि पदर तोंडाला लावला. दाजींनी कप घेतला. ओठांपर्यंत नेला. थांबले. आणि बहुतेक सुप्याच्या धरणाचं दार एकदा उघडलं की उघडतंच तसं काहीतरी त्यांच्या आत झालं असणार, कारण त्यांनी मान वर केली आणि म्हणाले,

"मामी, साखर दोन चमचे. आणि ती दिवाळीची आमटी… तिच्यात मीठ नव्हतं."